टॅप करून पैसे देणारे कार्ड : सोय, धोका आणि आपल्या हातातला खटका (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चार वक्र लहरींचे चिन्ह असलेले एखादे तरी कार्ड आता मराठवाड्यातील अनेकांच्या पाकिटात असते. जुन्या कार्डाची मुदत संपली म्हणून बँकेने नवे पाठवले आणि त्याबरोबर ही सोयही न मागता घरात आली. संभाजीनगरच्या गुलमंडीपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत कुठल्याही बाजारात हे कार्ड मशीनला टेकवणारी माणसे दिसतात, आणि ते पाहून ‘असे पिनविना पैसे जाऊ लागले तर उद्या कुणीही काढील’ असे म्हणणारीही भेटतात. ही भीती निराधार नाही, परंतु ती पुष्कळदा चुकीच्या जागी लागलेली असते. पुढील उत्तरे त्यासाठीच लिहिली आहेत.

माझे कार्ड टॅपचे आहे की नाही, हे कसे ओळखावे?

कार्डाच्या दर्शनी किंवा मागील बाजूस एकापुढे एक अशा चार वक्र रेषा छापलेल्या असतील, तर ते टॅपचे कार्ड आहे. तेच चिन्ह दुकानातल्या स्वाइप मशीनवर जिथे असते, तिथे कार्ड टेकवायचे असते. चिन्ह असूनही कार्ड चालत नसेल, तर बहुधा ती सोय बँकेकडे बंद अवस्थेत असते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

कार्ड मशीनमध्ये घातले नाही, पिन टाकला नाही, तरी पैसे जातात कसे?

कार्डाच्या प्लास्टिकमध्ये एक चिप आणि तिला जोडलेली बारीक तारेची अँटेना असते. कार्डात बॅटरी नसते. मशीन आपल्याभोवती १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारितेचे क्षेत्र निर्माण करते आणि कार्ड त्या क्षेत्रात आले की अँटेनेतून चिपला लागणारी वीज मिळते. हे सारे काही सेंटिमीटरच्या अंतरातच घडते. व्यवहारात कार्ड जवळजवळ चिकटवावेच लागते.

चिप जागी झाली की ती त्या एका व्यवहारापुरता एक सांकेतिक आकडा तयार करते. रक्कम, व्यवहाराचा अनुक्रम आणि चिपमध्ये दडवलेली गुप्त किल्ली यांच्यापासून तो बनतो, बँक तो तपासते आणि मगच मंजुरी देते. पुढच्या व्यवहाराला हा आकडा चालत नाही, म्हणून एका व्यवहाराची माहिती कुणी चोरून ऐकली तरी तिच्या जोरावर दुसरा व्यवहार उभा करता येत नाही. जुनी काळी पट्टी घासण्याची पद्धत याहून कितीतरी कच्ची होती, कारण पट्टीवरची माहिती प्रत्येक वेळी तीच असे आणि तिची नक्कल करून दुसरे कार्ड बनवता येत असे. पिन नाही म्हणून सुरक्षा नाही असा समज होणे स्वाभाविक आहे, पण तो बरोबर नाही. कार्ड खरे आहे हे चिप सिद्ध करते. कार्ड धरणारा खरा आहे की नाही, एवढेच पिनविना सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर उरलेले बहुतेक प्रश्न आपोआप सोपे होतात.

पिनशिवाय जास्तीत जास्त किती रकमेचा व्यवहार होतो?

रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये ही मर्यादा प्रत्येक व्यवहाराला २,००० रुपये अशी ठरवली होती. १ जानेवारी २०२१ पासून ती ५,००० रुपये झाली. त्याहून मोठ्या रकमेसाठी कार्ड टेकवले तरी पिन द्यावाच लागतो. ५,००० हा वरचा आकडा आहे. बँक त्याहून कमी मर्यादा ठेवू शकते आणि ग्राहकालाही ती आणखी खाली आणता येते. एटीएममधून रोख रक्कम काढताना मात्र पिनविना काहीही होत नाही.

यात्रेत किंवा एसटीच्या गर्दीत कुणी खिशाला मशीन लावून पैसे काढून घेईल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. नवरात्रात तुळजापूरला जाणारे भाविक असोत की महाशिवरात्रीला परळी आणि औंढ्याच्या रांगेत उभे राहणारे, अंगाला अंग घासणारी गर्दी म्हटली की ही शंका मनात येतेच. असे घडणे तत्त्वतः शक्य आहे, परंतु चोराच्या दृष्टीने तो अतिशय आतबट्ट्याचा उद्योग आहे.

त्याला आधी मशीनवर रक्कम टाकावी लागेल, मग ठरावीक वेळेत नेमक्या कार्डाजवळ दोन-चार सेंटिमीटरवर ते धरावे लागेल, आणि मध्ये जाड पाकीट, नाणी किंवा दुसरे कार्ड असेल तर वाचन बिघडेल. दोन टॅपची कार्डे एकावर एक असली की मशीनला एकाच वेळी दोन उत्तरे मिळतात आणि ते बहुधा ‘एकच कार्ड दाखवा’ असे सांगते. शिवाय पैसे मशीनमध्ये जमा होत नाहीत. ते एखाद्या व्यापाऱ्याच्या नावाने नोंदलेल्या बँक खात्यात जातात आणि त्या खात्याची कागदपत्रे बँकेकडे असतात. भाड्याने घेतलेल्या खात्यांचा उपयोग गुन्हेगार करतात हे खरे असल्यामुळे ही अडचण अभेद्य म्हणता येणार नाही, पण गर्दीतल्या पाकीटमाराला एवढा खटाटोप परवडत नाही. तो सरळ पाकीटच मारतो, आणि मग कार्डही त्याच्यासोबत जाते.

तरीही मनाची खात्री हवी असेल, तर कार्डाला अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचे आवरण करावे. धातूच्या आडोशामुळे मशीनचे क्षेत्र कार्डापर्यंत पोहोचत नाही. बाजारात त्यासाठी मिळणारी महागडी पाकिटे हेच काम करतात. माझ्या मते यात्रेला निघण्यापूर्वी मोबाइलवरून टॅपची सोय बंद करून जाणे हा सर्वांत स्वस्त आणि पक्का आडोसा आहे.

कुणी लपून कार्डाचा नंबर वाचला, तर त्यावरून ऑनलाइन खरेदी करील का?

एनएफसी, म्हणजे टॅपसाठी लागणारे जवळच्या अंतराचे बिनतारी तंत्र, असलेल्या मोबाइलवर योग्य अ‍ॅप असेल, तर टॅपच्या कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख वाचता येते, हे मान्य केले पाहिजे. मात्र कार्डाच्या पाठीवर छापलेला तीन अंकी सीव्हीव्ही त्या मार्गाने बाहेर पडत नाही आणि पिनही पडत नाही. भारतातील संकेतस्थळांवर कार्डाने पैसे देताना ओटीपीसारखी जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ पासून बंधनकारक केली आहे. फट उरते ती परदेशी संकेतस्थळांची, कारण तिथे अशी पडताळणी नसू शकते. म्हणून ज्यांना परदेशी खरेदी करायची नाही, त्यांनी कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर बंदच ठेवावा.

मग या कार्डाचा खरा धोका कोणता?

कार्ड हरवणे, आणि ते हरवल्याचे उशिरा कळणे.

पिनच्या कार्डाच्या बाबतीत सापडलेले कार्ड परक्याच्या हाती सहसा निरुपयोगी ठरते. टॅपचे कार्ड मात्र सापडलेल्या माणसाला दुकानात टेकवता येते. एकदा ५,०००, मग दुसऱ्या दुकानात पुन्हा ५,०००, असे बँकेने किंवा तुम्ही ठरवलेल्या दिवसाच्या मर्यादेपर्यंत. पेट्रोल पंपावर गडबडीत कार्ड विसरणे, बाजारच्या दिवशी भाजीच्या पिशवीतून ते गळून पडणे, लग्नघरात पाकीट दुसऱ्याच्याच शर्टात राहणे, या गोष्टी रोज घडतात. त्यांची बातमी होत नाही, म्हणून त्या आपल्याला धोका वाटत नाहीत.

यावर उपाय असा की पिनविना व्यवहाराची मर्यादा आपल्या रोजच्या किरकोळ खर्चाएवढीच ठेवावी. महिन्याच्या किराण्याला एकदाच मोठी रक्कम लागत असेल, तर त्या वेळी पिन टाकायला दहा सेकंदच लागतात. बाकीच्या दिवसांत ५०० किंवा १,००० रुपयांची मर्यादा पुरते. सोय दुधाच्या, औषधाच्या, पेट्रोलच्या बिलाला हवी असते आणि बँकांनी दिलेली वरची मर्यादा तेवढ्यासाठी फार मोठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही सोय चालू-बंद करण्याचा खटका कुठे असतो?

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला केवळ देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतेच चालू असले पाहिजे. टॅप, ऑनलाइन आणि परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो. हा खटका चोवीस तास उपलब्ध ठेवणे बँकेवर बंधनकारक आहे आणि तो मोबाइल अ‍ॅप, नेट बँकिंग, एटीएम किंवा बँकेची फोनसेवा यांपैकी एकाहून अधिक मार्गांनी मिळतो. अ‍ॅपमध्ये ‘कार्ड सेवा’ किंवा ‘कार्ड नियंत्रण’ अशा नावाच्या जागी प्रत्येक प्रकारच्या वापरासमोर एक बटण आणि मर्यादेचा आकडा दिसतो. कुणीही बदल केला तर त्याचा संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर यायला हवा.

स्मार्टफोन नसलेल्यांनी एटीएमच्या पडद्यावरचा पर्याय वापरावा किंवा शाखेत लेखी अर्ज द्यावा. टॅपचे कार्ड देताना त्याचे तंत्र, त्यातील जोखीम आणि ग्राहकावर येणारी जास्तीत जास्त जबाबदारी समजावून सांगावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्येच बँकांना केलेली आहे. तेव्हा काउंटरवर हा प्रश्न विचारताना कुणी संकोच करू नये.

कार्ड हरवले किंवा आपण न केलेल्या व्यवहाराचा संदेश आला, तर काय करावे आणि पैसे परत मिळतात का?

पहिल्या काही मिनिटांत अ‍ॅपवरून किंवा बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कार्ड बंद करावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. फसवणूक झाली असेल तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लगेच नोंद करावी. त्यानंतर शाखेत लेखी तक्रार देऊन पोचीवर शिक्का घ्यावा. हा शिक्का घेण्याचा कंटाळा अनेक जण करतात आणि पुढे तोच कागद लागतो.

पैसे परत मिळण्याबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तशाच सूचना दिल्या. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच जबाबदारी येत नाही. चूक ना बँकेची, ना ग्राहकाची, तर व्यवस्थेत अन्यत्र असेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तरीही त्याच्यावर जबाबदारी येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवल्यास जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये, इतर बचत खात्यांना १०,००० रुपये, किंवा व्यवहाराची रक्कम, यांपैकी जे कमी असेल तेवढा भार ग्राहकावर पडतो. सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते.

हे आकडे टॅपच्या व्यवहाराशेजारी ठेवून पाहा. पिनविना एक व्यवहार ५,००० रुपयांपर्यंतचाच असतो. म्हणजे चौथ्या दिवशी तक्रार केली तर जनधनसारख्या खात्याच्या धारकाला, आणि साध्या बचत खात्याच्या धारकालाही, त्या व्यवहाराची सगळीच रक्कम सोसावी लागू शकते. मोठ्या फसवणुकीत सात दिवसांची सवलत काहीतरी वाचवते. टॅपच्या बाबतीत पहिले तीन दिवसच सर्व काही आहेत. हे दिवस तुमच्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजले जातात आणि संदेश मिळाल्याचा दिवस त्यात धरत नाहीत.

ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. तक्रारीनंतर दहा कामकाजी दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि ९० दिवसांत निकाल द्यावा, असेही त्या परिपत्रकात म्हटले आहे. नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असल्याने सध्याचे धोरण शाखेत मागून वाचावे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर लोकपाल योजनेत येणाऱ्या बँकांविरुद्ध रिझर्व्ह बँकेकडे दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर जुना असेल तर?

तर वरची सगळी तटबंदी ढासळते. मराठवाड्यात हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. खाते उघडताना मुलाचा नंबर दिलेला असतो आणि तो मुलगा आता पुण्यात वेगळे सिम वापरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास फडावर जातात ते उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. मधल्या काळात रिचार्ज संपून नंबर बंद पडतो आणि काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग खात्यातून पैसे गेल्याचा संदेश परक्याच्या मोबाइलवर जातो, आणि खातेदाराला ते कळते पासबुक भरून घेतल्यावर. बँक मात्र संदेश पाठवल्याच्या तारखेकडे बोट दाखवू शकते. टॅपची सोय चालू करण्याआधी शाखेत जाऊन नंबर तपासून घ्यावा. तो बदललेला असेल आणि लगेच दुरुस्त करणे शक्य नसेल, तर टॅप बंदच ठेवावे.

एकदा टेकवले, मशीनने पुन्हा मागितले. दोनदा पैसे जातील का?

एका रकमेसाठी मशीन एकच व्यवहार पुरा करते. कार्ड जास्त वेळ धरून ठेवले म्हणून दुसऱ्यांदा पैसे कापले जात नाहीत. अडचण होते ती नेटवर्क मध्येच तुटल्यावर. टॅपमुळे कार्ड आणि मशीन यांच्यातले बोलणे क्षणात होते, पण मशीनला बँकेपर्यंत पोहोचायला मोबाइलचेच नेटवर्क लागते आणि तालुक्याच्या गावी ते कधी दगा देईल सांगता येत नाही. माझेच पैसे एकदा असे अडकले होते. दुकानदाराच्या मशीनवर ‘अयशस्वी’ आणि माझ्या मोबाइलवर रक्कम गेल्याचा संदेश. दुसऱ्यांदा टेकवण्यापूर्वी मी अयशस्वी व्यवहाराची पावती मागून घेतली आणि पुढे तीच उपयोगी पडली. दुकानात मंजुरी न पोहोचता खात्यातून रक्कम गेली असेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यावी आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे.

दुकानदार कार्ड हातात मागतो. द्यावे का?

देऊ नये. टॅपचा सर्वांत मोठा गुण हाच आहे की कार्ड मालकाच्या हातातून सुटतच नाही. आधी मशीनच्या पडद्यावरची रक्कम वाचावी, मग आपल्याच हाताने टेकवावे. पेट्रोल पंपावर गाडीत बसून खिडकीतून कार्ड देण्याची सवय मोडणे थोडे कठीण जाते, पण ती मोडावी.

वयस्कर आई-वडिलांच्या कार्डावर टॅप चालू ठेवावे की बंद?

बहुतेक जण ‘बंद’ असे उत्तर देतील. मी तसे सरसकट सांगणार नाही. अनेक घरांतील आजी-आजोबा पिन विसरू नये म्हणून तो कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवतात, किंवा मेडिकलच्या काउंटरवर सर्वांसमक्ष मोठ्याने सांगून ‘तूच टाक बाबा’ म्हणतात. असा पिन ज्याच्या कानावर पडला, त्याला एटीएममधून खात्यातली मोठी रक्कम काढता येते. त्यापेक्षा ५०० रुपयांच्या मर्यादेचे टॅप असेल, तर औषधाचे बिल पिन न उच्चारता भागते आणि कार्ड गेलेच तरी नुकसान आटोक्यात राहते. अट एवढीच की संदेश घरातल्या जागरूक माणसाच्या मोबाइलवर लगेच पोहोचले पाहिजेत, आणि खात्यात मोठी शिल्लक असेल तर ती मुदत ठेवीत किंवा कार्ड नसलेल्या दुसऱ्या खात्यात हलवलेली असावी.

मोबाइलवरून क्यूआर स्कॅन करता येतो, मग या कार्डाची गरज काय?

अनेकांना खरोखरच नसेल, आणि तसे असेल तर सोय बंद ठेवण्यात काहीही गैर नाही. कार्डाला चार्जिंग लागत नाही आणि ग्राहकाच्या बाजूने इंटरनेटही लागत नाही, एवढा त्याचा फायदा आहे. मोबाइलमध्येच कार्ड नोंदवून मोबाइल टेकवण्याचीही पद्धत आहे. तीत खऱ्या कार्ड क्रमांकाऐवजी पर्यायी क्रमांक वापरला जातो आणि फोनचे कुलूप उघडावे लागते, म्हणून चोरीच्या दृष्टीने ती साध्या कार्डापेक्षा भक्कम आहे.

‘पडताळणीसाठी कार्ड मोबाइलच्या पाठीला लावा’ असा फोन आला. हे खरे असते का?

कधीही नसते. २०२४ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने चेक प्रजासत्ताकातील बँक ग्राहकांविरुद्ध वापरलेला ‘एनगेट’ नावाचा घातक प्रोग्राम उघडकीला आणला. बळी पडलेल्या व्यक्तीला बँकेचे म्हणून खोटे अ‍ॅप घ्यायला लावायचे, त्यात पिन भरायला लावायचा आणि कार्ड फोनच्या पाठीला धरायला सांगायचे. मग कार्ड आणि फोन यांच्यातला संवाद जसाच्या तसा दूरच्या चोराच्या फोनवर पोहोचवून तिकडे एटीएममधून पैसे काढायचे, अशी ती रीत होती. एका व्यवहाराचा सांकेतिक आकडा पुन्हा चालत नाही, हे संरक्षण इथे उपयोगी पडत नाही, कारण तोच व्यवहार त्याच क्षणी दुसरीकडे घडत असतो. कार्ड दुकानातल्या मशीनलाच टेकवावे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, उघडू नये.

पुणे-मुंबईच्या मेट्रोत चालणारे कार्ड हेच का?

नेहमीच नाही. ४ मार्च २०१९ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्डात, म्हणजे एनसीएमसीमध्ये, खात्याखेरीज कार्डातच साठवलेली वेगळी शिल्लक असते आणि गेटवर ती पिनविना वापरली जाते. ही शिल्लक खिशातल्या नोटांसारखी समजावी. कार्ड हरवले तर ती परत मिळेल असे गृहीत धरू नये. मुले शिकायला पुण्यात असतील, तर त्या शिलकीत आठवड्याच्या प्रवासापुरतेच पैसे भरायला सांगावे.

जुने किंवा मुदत संपलेले कार्ड कसे टाकून द्यावे?

आधी ते बँकेकडे बंद झाल्याची खात्री करावी. मग कात्रीने सोनेरी चिपच्या मधोमध आणि कार्डाच्या आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंनी कापावे, कारण अँटेनेची तार कार्डाच्या कडेने फिरवलेली असते आणि केवळ कोपरा कापल्याने ती तुटेलच असे नाही. नंबराचे तुकडे एकाच दिवशी एकाच कचऱ्यात टाकू नयेत.